लग्नाचे पाहुणे, शिवनेरीचे सात दरवाजे आणि आमचा मामा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले चाळीसेक ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावून भांडी घासणाऱ्यांना, लोकलमध्ये लटकणाऱ्यांना आणि ऑफिसात काम करतोय असं दाखवणाऱ्यांना, सगळ्यांना नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. तिच्या भावाचं लग्न आहे, छोटंसं, पन्नास-पंचावन्न माणसं. गावाबाहेर एक जागा घेतलीये, शुक्रवार ते रविवार. आणि तिला घरच्यांनी काम दिलंय की ‘पाहुण्यांना दोन दिवस काहीतरी कर’. ती म्हणते, ‘ताई, काहीतरी म्हणजे काय करू? सगळ्यांना ट्रेकला नेऊ का?’

मी तो मेसेज ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण हे काम मी केलंय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात. आणि त्यात मी जवळजवळ एक फार मोठा घोळ घातला होता. त्यामुळे आजचा भाग त्या मुलीसाठी, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी येत्या सीझनला छोटं लग्न आहे त्या सगळ्यांसाठी.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. चारशे माणसांच्या हॉलमधल्या लग्नात पाहुण्यांचं काय करायचं हा प्रश्नच येत नाही. माणूस साडेअकराला येतो, अक्षता टाकतो, पंगतीत बसतो, पाकीट देतो, दीडला रिक्षा. छोट्या लग्नात तोच माणूस दोन रात्री तुमच्याकडे असतो. आणि विधी सगळे मिळून किती वेळ चालतात? मेंदी, हळद, सीमांतपूजन, मुहूर्त. मधे मधे चार-चार तास रिकामे. त्या रिकाम्या वेळात काय होतं माहितीये? मुलीकडचे एका खोलीत, मुलाकडचे दुसऱ्या खोलीत, आणि सगळे मोबाइलमध्ये. जेवताना फक्त ‘अजून एक पोळी घ्या ना’ एवढंच बोलणं.

आमच्याकडे तर याहून थोडं जास्त होतं. आम्ही पुण्याचे, जिजाजी अमरावतीचे. माणसं एकूण ५८. हा आकडा ताई आणि जिजाजींनी ठरवला होता आणि तो जिजाजींच्या बाबांना अजिबात मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं होतं, अख्खी हयात लोकांच्या लग्नात जेवलो, आता माझ्या घरचं कार्य आलं तर पन्नास माणसांत उरकायचं? त्यांना त्यांच्या दोन चुलतभावांची घरं यादीतून वगळावी लागली होती. ते आले, पण गप्प होते. आणि माझे बाबा, ज्यांना वाटत होतं की हे आपल्यावर रागावलेत, तेही गप्प. दोन व्याही आणि मधे ५६ माणसं. ही परिस्थिती.

जागा होती जुन्नरजवळ, एका शेतावर. आजकाल कृषी पर्यटनवाली ठिकाणं असतात ना, तसं. खोल्या, मोठं अंगण, चुलीवरचं जेवण, तीन बाजूंनी ऊस. महिना डिसेंबर. आणि मी, दोन-तीन वर्षं सह्याद्रीत फिरलेली, त्यामुळे स्वतःला फार मोठी ट्रेकर समजणारी. माझा पहिला प्लॅन काय होता सांगू? शनिवारी पहाटे चारला उठायचं, नाणेघाटात जायचं, तिथून जीवधन चढायचा. जीवधन! ज्यांनी केलाय ते आत्ता हसत असतील. त्या वाटेवर कातळात झिजलेल्या पायऱ्या आहेत, हाताला दोरी किंवा साखळी लागते. आणि मी तिथे आमच्या आत्याला नेणार होते. आदल्या रात्रीची मेंदी लावलेल्या हातांनी.

हा प्लॅन हाणून पाडला शेताच्या मालकांनी. काका म्हणाले, ‘पोरी, चार वाजता कुठं निघतीस? बिबट्या हाय.’ मला वाटलं गंमत करतायत. पण जुन्नर तालुक्यात ही गंमत नाही. तिथे उसात बिबटे राहतात, पिल्लंसुद्धा उसातच होतात, आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. तिथला माणूस अंधार पडला की लहान मुलांना एकटं अंगणाबाहेर सोडत नाही. काकांनी नियमच सांगून टाकले: उजाडल्याशिवाय उसाच्या कडेनं चालायचं नाही, पोरं मोठ्यांच्या मधे, अंधारात कोणी आडोशाला एकटं जाऊन बसायचं नाही, बाहेर पडलात तर बॅटरी आणि बडबड दोन्ही चालू ठेवा.

बडबड चालू ठेवा, हे आमच्या घरी वेगळं सांगायची गरज नव्हती.

तर पहिली गोष्ट ही, की तुमचं ठिकाण कुठलंही असो, आधी तिथल्या माणसाला विचारा. इंटरनेटवर ‘टॉप टेन ॲक्टिव्हिटीज’ सापडतील. पण विहिरीला कठडा नाही, त्या वाटेवर आग्या मोहोळ आहे, ओढ्याला दुपारनंतर पाणी सोडतात, हे तिथला माणूसच सांगतो.

शेवटी ठरलं असं. शुक्रवारी दुपारी जे लवकर पोचतील त्यांनी नाणेघाट. शनिवारी सकाळी शिवनेरी. ज्यांना चढायचं नाही त्यांनी त्याच वेळी ओझरचा गणपती, म्हणजे गाडीतून उतरलं की देऊळ. लेण्याद्रीचा विचार केला होता, पण तिथे तीनेकशे पायऱ्या आहेत. अष्टविनायकांतला डोंगरातल्या लेण्यात बसलेला तो एकच. आजीला डोलीत बसायचं नव्हतं. ‘मी काय सामान आहे का?’ म्हणाली. विषय संपला.

नाणेघाटाबद्दल थोडं सांगते, कारण मला वाटलं होतं तिथे कोणाला मजा येणार नाही आणि झालं उलटं. गाडी अगदी पठारावर जाते. तिथून एका चिंचोळ्या खिंडीतून थोडं खाली उतरलं की गुहा. सातवाहनांच्या काळातला हा घाट, कोकणातल्या बंदरांकडून माल जुन्नरकडे यायचा तो इथून. गुहेच्या भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, त्यात केलेल्या यज्ञांचा आणि दिलेल्या दानांचा हिशोब आहे, आणि त्यातले आकडे हे आपल्याकडच्या जुन्यातल्या जुन्या कोरलेल्या आकड्यांपैकी मानले जातात. वर दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकायचे असं सांगतात.

आता जिजाजींचे बाबा हे निवृत्त बँक अधिकारी. माझे बाबा आयुष्यभर कंपनीत अकाउंट्सला. त्या रांजणापाशी दोघं उभे राहिले आणि माझ्या बाबांनी विचारलं, ‘रोज संध्याकाळी हे मोजत कोण असेल हो?’ झालं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जकातीच्या हिशोबावर दोघं वीस मिनिटं बोलत होते. दगडी रांजणातून चोरी कशी होत असेल, यावर तर दोघांचं पटकन एकमत झालं. मग कड्यापाशी जाऊन सूर्य कोकणात बुडताना बघितला. वारा असा की शाली उडत होत्या. फार मोठं काही घडलं नाही, कोणी कोणाला मिठी मारली नाही. पण परतताना दोघं एकाच सीटवर बसले. मी ड्रायव्हरच्या शेजारून आरशात बघितलं.

त्यामुळे त्या मुलीला सांगते, पहिल्या दिवशी चढ-बिढ ठेवूच नकोस. लोक प्रवास करून आलेले असतात. अमरावतीची मंडळी रात्रभर गाडीत होती. पहिल्या दिवशी फक्त असं काहीतरी ठेव की चार पावलं चालायचं आणि एकाच दिशेला बघत उभं राहायचं. अनोळखी माणसांना समोरासमोर बसवलं की बोलायला काही सुचत नाही. शेजारी शेजारी उभं केलं की सुचतं.

आता शनिवार. शिवनेरी.

शिवनेरी मी का निवडला? एक तर जुन्नर गावाला लागूनच आहे. दोन, वाट बांधीव पायऱ्यांची आहे, हळूहळू गेलं तरी तासाभरात माणूस वर. तीन, शिवाजी महाराजांचा जन्म तिथला, १९ फेब्रुवारी १६३०, त्यामुळे अमरावतीच्या मंडळींना तिथे जायचंच होतं. आणि चौथं कारण माझं खास, सात दरवाजे. पायऱ्यांच्या वाटेनं वर जाताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. मी नियम केला: प्रत्येक दरवाजाला जोडीदार बदलायचा. आणि जोडीदार पलीकडच्या घरचाच पाहिजे. सात दरवाजे, सात माणसं. वर पोचल्यावर शिवकुंजापाशी, जिजाऊ आणि बाल शिवबांचा पुतळा आहे तिथे, प्रत्येकानं आपल्या सात जणांबद्दल एकेक गोष्ट सांगायची.

ही आयडिया मी आजही विकायला तयार आहे, इतकी ती चालली. आमच्या काकूला तिसऱ्या दरवाजापर्यंत कळलं होतं की जिजाजींच्या आत्या आणि ती एकाच वर्षी नागपूरला एकाच हॉस्टेलला होत्या. जिजाजींचा दहा वर्षांचा भाचा आणि माझा चुलतभाऊ पाचव्या दरवाजापासून एकमेकांना सोडेनात.

ताई आली नव्हती. मेंदी झालेली, तिला यायचं होतं, पण आजी म्हणाली, ‘नवरीचा पाय मुरगळला तर उद्या बोहल्यावर लंगडत जाणार का?’ मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी सगळ्यात व्यवहारी विचार आजीनंच केला होता.

आता मामाची गोष्ट.

आमचा मामा चौपन्न वर्षांचा. हसरा, जाडजूड, सगळ्यांची खेचणारा. लग्नात मामाचं काम काय असतं तुम्हाला माहितीच आहे. नवरीला बोहल्यावर तोच घेऊन येतो, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्यामागे उभा राहतो. आमच्याकडे आईला हा एकच भाऊ. म्हणजे रविवारी ११ वाजून ४७ मिनिटांनी मामा उभा पाहिजे, यात पर्याय नाही.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं, ‘शिवनेरीला कोण कोण येणार? हात वर करा.’ सगळ्यांचे अंगठे आले. मामाचा नाही आला. तर मी काय लिहावं? मी लिहिलं, ‘मामा, तू तर येणारच! ते पोट खाली ठेवून वर यायचं आहे.’ त्यावर चौदा जणांनी हसणारे चेहरे टाकले. अमरावतीच्या लोकांनीसुद्धा, ज्यांनी मामाला अजून बघितलंही नव्हतं. अर्ध्या तासानं मामाचा अंगठा आला.

बघा, तो अंगठा मी जबरदस्तीनं घेतलेला होता. मला तेव्हा कळलंच नाही.

मामाला शुगर आहे हे घरात माहीत होतं. म्हणजे ‘मामाला गोड देऊ नका’ इतपत. तो रोज सकाळी नाश्त्याच्या आधी गोळी घेतो, हे मला माहीत नव्हतं. त्या शनिवारी आम्ही साडेसहाला निघालो. पोहे व्हायचे होते. आचाऱ्यांना उशीर झाला होता. मी म्हटलं, चहा-बिस्किटावर निघूया, वर जाऊन आलो की मस्त नाश्ता. उन्हाच्या आत चढायचं होतं ना! मामानं सवयीनं साडेसहाला गोळी घेतली. शुगर आहे म्हणून बिस्कीट नाही घेतलं, चहाही बिनसाखरेचा. आणि चढायला लागला.

चौथ्या दरवाजापर्यंत ठीक होता. त्यानंतर चिडचिड करायला लागला. त्याच्या जोडीला होता जिजाजींचा मित्र, त्याच्यावर खेकसला, ‘किती प्रश्न विचारता हो!’ मग एका पायरीवर बसला आणि म्हणाला, ‘मला यायचंच नव्हतं. तुम्ही लोक ऐकत नाही.’ आणि आम्ही, म्हणजे मुलीकडचे सगळे, हसलो. कारण लग्नात मामा रुसणं हा तर ठरलेलाच विनोद आहे. कोणीतरी म्हणालंसुद्धा, ‘घ्या, मामा रुसला, आता पाय धुवा.’ मी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात मामाच्या कपाळावर घामाचे थेंब स्पष्ट दिसतात. डिसेंबरची सकाळ, आम्ही स्वेटर घालून, आणि तो घामानं भिजलेला.

हे बघितलं कोणी? जिजाजींच्या मामेबहिणीनं. ती अमरावतीला नर्स आहे. सगळ्यात मागे येत होती, कारण तिच्यासोबत लहान मुलगी होती. ती आली, मामासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, ‘मामाजी, हात काऊन थरथरून रायले तुमचे? शुगर आहे का तुम्हाला? गोळी घेतली? खाल्लं काय?’ तीन प्रश्न. मामाला तिसऱ्याचं उत्तर नीट देताच येईना. शब्द अडखळत होते.

शुगर उतरली होती. वाढली नव्हती, उतरली होती. गोळी आत, पोट रिकामं आणि वर चढण. अशा वेळी घाम येतो, हात कापतात, धडधडतं, माणूस चिडका होतो, गोंधळतो. आणि लक्ष दिलं नाही तर बेशुद्धही पडतो. पायऱ्यांच्या वाटेवर बेशुद्ध पडणं म्हणजे काय, ते मी बोलत नाही.

तिच्या मुलीकडे मँगो ज्यूसचा टेट्रापॅक होता. मुलगी द्यायला तयार नव्हती, रडली, भोकाड पसरलं. मी बॅगेतून बिस्किटं काढली तर ती म्हणाली, ‘बिस्कीट नंतर. आधी ज्यूस.’ कारण पातळ गोड पटकन लागू पडतं, बिस्किटाला वेळ लागतो. ज्यूस नसेल तर तीन चमचे साखर पाण्यात. मग पंधरा मिनिटं थांबायचं. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की मग बिस्कीट, पोळी, काहीतरी खाणं, नाहीतर पुन्हा उतरते. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. हे सगळं तिनं मला तिथेच, मामाचा हात हातात धरून सांगितलं. मी ते अजून विसरले नाहीये, तुम्हीही विसरू नका. आपल्या प्रत्येकाच्या घरात शुगरवाला एक तरी मामा असतोच.

ती पंधरा मिनिटं फार लांब होती. सगळे गप्प. माझी आई पायरीवर बसून मामाची पाठ चोळत होती. जिजाजींचे बाबा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता ऐकवणार. ते म्हणाले, ‘बेटा, दोन जणांना घेऊन मी खाली गाडी तयार ठेवतो. तू बाकीच्यांना वर घेऊन जा. लहान पोरं घाबरून रायली.’ हेच ते गृहस्थ जे दोन दिवस गप्प होते.

मामाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. पहिलं वाक्य काय बोलला असेल? ‘त्या पोरीला नवीन ज्यूस घेऊन द्या रे.’

त्याला खाली नेला, जुन्नरमध्ये डॉक्टरांना दाखवला. शुगर तपासली, ठीक होती. डॉक्टरांनी त्याला झापला आणि मला त्याहून जास्त झापलं. दुपारी मी मामाच्या खोलीत गेले. सॉरी म्हटलं. तो म्हणाला, ‘अगं, मीच सांगायला हवं होतं.’ मी म्हटलं, ‘मामा, तू सांगणार कसं होतास? मी चौदा जणांना हसवून ठेवलं होतं.’ तो काही बोलला नाही. पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘नव्या लोकांसमोर पहिल्याच दिवशी आजारी मामा व्हायचं नव्हतं गं मला.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चौपन्न वर्षांचा माणूस, आणि त्याला नव्या सोयऱ्यांसमोर धडधाकट दिसायचं होतं.

आता त्या व्हॉइस मेसेजवाल्या मुलीसाठी. कोण येणार हे ग्रुपवर विचारू नकोस. एकेकाला वेगळं विचार, फोन कर किंवा साधा गुगल फॉर्म पाठव, आणि त्यात ‘येणार का?’ असा प्रश्नच घालू नकोस. ‘गड, देऊळ की आराम?’ असं विचार. म्हणजे कोणाला नाही म्हणावं लागत नाही, तिन्ही उत्तरं सारख्या तोलाची. रोजची काही गोळी आहे का, ती कधी घेता, नुकतं काही ऑपरेशन झालंय का, गुडघे कसे आहेत, हे विचार आणि ही उत्तरं फक्त तू आणि अजून एक जण बघा. नाश्ता झाल्याशिवाय गाडी हलवू नकोस. उशीर झाला तर गड अर्धाच चढा, काही बिघडत नाही.

सगळ्यात पुढे उत्साही भाऊ आपोआप असतो, त्याची काळजी नको. सगळ्यात मागे कोण आहे ते ठरव. मागचा माणूस शांत आणि डोळे उघडे असलेला पाहिजे, आणि त्याच्या बॅगेत साखर, ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासात चिमूटभर नाही. आणि वळायची वेळ आधीच जाहीर कर. ‘साडेनऊला जिथे असू तिथून खाली.’ कारण वर सेल्फी सुरू झाले की कोणी उतरत नाही, आणि इकडे हळदीचं पाणी तापून थंड होतं.

चपला! कसं विसरले. पाहुणे लग्नाला येताना कोल्हापुरी आणि हिल्स आणतात. आधी आठ दिवस मेसेज टाक की एक जोड बूट आणा. आणि गडावर जाताना परफ्यूम, बॉडी स्प्रे नको. लग्नाच्या घरात सकाळी सकाळी सगळे अत्तराच्या बाटलीत बुडून निघतात, आणि गडांवर कड्याला मधमाश्यांची मोहोळं असतात. उग्र वास आणि धूर त्यांना चवताळवतो. उठल्याच तर हात झाडत बसायचं नाही, डोकं-तोंड ओढणीनं झाकून लांब निघून जायचं. पायऱ्यांवरून पळायचं मात्र नाही. शुक्रवारी रात्री ज्यांची ‘पार्टी’ उशिरापर्यंत चालली असेल त्यांना शनिवारी झोपू दे. आणि तो ब्लूटूथ स्पीकर घरी राहू दे, प्लीज. शिवाई देवीच्या देवळापाशी कोणाला तुमची प्लेलिस्ट ऐकायची नसते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे किल्ले गेले त्यात शिवनेरी आहे, आणि तिथे आपणच वेफर्सची पाकिटं टाकायची, हे बरं नाही.

एवढं सगळं ऐकून घाबरू नकोस. कारण आमच्या त्या तीन दिवसांतली सगळ्यात धमाल गोष्ट फुकटात झाली. शनिवारी संध्याकाळी हळद झाली. सगळे पिवळे. सीमांतपूजनाला अजून दोन तास. आंघोळीला रांग. आणि कोणीतरी अंगणात सात चपट्या फरशांचे तुकडे एकावर एक रचले. लगोरी! बॉल नव्हता, तर मोजे गुंडाळून त्यावर चिंध्या बांधल्या. दोन टीम, दोन्ही घरांची माणसं मिसळून. ताई म्हणाली मी खेळणार. सगळे आजीकडे बघायला लागले, कारण हळद लागली की नवरीनं घर सोडायचं नाही. आजीनं विचार केला आणि निकाल दिला, ‘अंगण म्हणजे घरच.’

मग काय विचारता! नवरी हळदीनं माखलेली, साडीचा पदर खोचून नेम धरतेय. जिजाजींच्या आईनं असा काही बॉल मारला माझ्या बाबांच्या पाठीत, की त्या आधी शाळेत चॅम्पियन होत्या हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि अंपायर मामा. खुर्चीवर, हातात पोह्यांची बशी. आचाऱ्यांनी सकाळचे पोहे त्याच्यासाठी पुन्हा केले होते. तो उघड उघड मुलाकडच्यांची बाजू घेत होता, त्या ज्यूसवाल्या मुलीला तर त्यानं तीनदा आऊट दिलंच नाही.

रविवारी ११ वाजून ४७ मिनिटांना मामा ताईच्या मागे उभा होता. त्याच्या मागे ती नर्स ताई उभी होती, कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून. आणि कुर्त्याच्या खिशात टेट्रापॅक. मंगलाष्टकांच्या सगळ्या फोटोंत त्याची स्ट्रॉ खिशातून वर आलेली दिसते.

आता परवाचीच गोष्ट. फेब्रुवारीत माझ्या चुलतभावाचं लग्न आहे, वाईजवळ. पुन्हा माझ्याच गळ्यात हे काम. मी फॉर्म पाठवला. सगळ्यात पहिलं उत्तर मामाचं आलं. गोळी: ‘आहे, सकाळची, नाश्त्याआधी.’ गुडघे: ‘एक बरा.’ ‘गड, देऊळ की आराम’ यात त्यानं गडावर खूण केलीये. आणि खाली ‘आणखी काही सांगायचंय?’ असा रकाना ठेवला होता, त्यात लिहिलंय, ‘पोहे सहाला तयार पाहिजेत. नाहीतर मी खरंच रुसेन.’

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरच्या लग्नातले किस्से व्हॉइस मेसेजवर पाठवा, दोन मिनिटांच्या आत. गेल्या वेळी एकानं अकरा मिनिटांचा पाठवला होता. मी पूर्ण ऐकला, पण तरी.